हेल्थ सायन्सची पदवी: धड डॉक्टर नाही, धड बीएस्सी नाही?

तुझा प्रश्न असा: नीटला मार्क कमी पडले, पुण्यात चार वर्षांच्या हेल्थ सायन्सच्या पदवीला प्रवेश मिळतोय, त्यात जीवशास्त्रासोबत समाजशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असं सगळं आहे, आणि सोलापुरातले नातेवाईक वरचं वाक्य ऐकवतायत. घ्यावी का? बारावीची आहेस म्हणून अगंतुगं करते.

नातेवाइकांचं मनावर घेऊ नकोस. १९१० साली चीनमध्ये रुग्णसेवा केलेले डॉ. कोटणीस आपल्या सोलापुरात जन्मले, तेव्हापासून इथं प्रत्येक घराला एक डॉक्टर हवाच असतो.

पण कडू गोळी आधी घे. या पदवीवर औषध लिहून देता येत नाही. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीसारखं रजिस्ट्रेशनही नाही. सरकारी आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागेला बीएएमएस नाहीतर नर्सिंग लागतं, हे मला अर्ज भरायला बसल्यावर कळलं. पहिली नोकरी लागायला आठ महिने गेले.

तरी मी ही पदवी पुन्हा घेईन, आणि त्याचं कारण डेंग्यू. पहिल्या वर्षी मॅडमनी सांगितलं, आपापल्या गावातला एक आजार घ्या. दिवाळीच्या सुट्टीत मी पूर्व भागात आमच्या गल्लीतले बॅरल बघत हिंडले. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी साठा. डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. भिंतीवर लिहिलेलं, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा'. शेजारच्या आजींना ते वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "ओतून देते की. परत तू भरून देणार काय?"

जीवशास्त्राच्या पुस्तकात याला उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: बॅरलच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधायचं आणि पाणी संपलं की आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटतात. डास, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आणि आजींचा हिशेब एकत्र मांडायला शिकणं, हाच तो अभ्यासक्रम.

आई विड्या वळते. मजुरी दर हजार विड्यांमागे. पाठ धरली तरी ती सिव्हिलला जात नाही, कारण ओपीडीच्या रांगेत दिवस गेला की त्या दिवसाच्या विड्या गेल्या. हे मी लहानपणापासून बघत होते. याला 'आरोग्य अर्थशास्त्र' म्हणतात हे तिसऱ्या वर्षी समजलं. (आईला सांगितलं तर हसली.)

आता कॉलेजला काय विचारायचं ते. वस्तीत, गावात प्रत्यक्ष काम किती आठवडे? जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून कमी शिकलेल्या बायकांकडून गावाचं आरोग्य कसं सुधारून घेतलं, हे वर्गात स्लाइडवर बघून कळत नाही. संख्याशास्त्र खरंच शिकवतात की नावापुरतं? मला पहिली नोकरी त्याच्याच जोरावर मिळाली, सर्वेक्षणाची आकडेवारी तपासायची. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलं तर हातात कोणती पदवी येते? पुढे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायची असेल तर काही संस्था कुठल्याही पदवीधराला घेतात, काही फक्त वैद्यकीयवाल्यांना, तेही आत्ताच बघून ठेव.

आणि फी भरण्याआधी चौथ्या वर्षातल्या दोघातिघांचे नंबर माग. कॉलेज द्यायला कां-कू करू लागलं, तर बाबांना थोडं थांबायला सांग.