शालिवाहन शक की शके?

पंचवटीतल्या एका ताईंनी लेकीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा पाठवून विचारलंय: "शालिवाहनाने शकांना हरवलं म्हणतात, मग 'शालिवाहन शक' कसा? आणि पत्रिकेत 'शक' छापायचं की 'शके'?"

ताई, पहिल्याचं उत्तर आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातच कोरलेलं आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगितली आहे. त्यातलं एक विशेषण 'सकयवनपल्हवनिसूदनस', म्हणजे शक, यवन, पल्हव या परकीयांचा नाश करणाऱ्याचा. शेवटचा 'स' ही प्राकृतातली षष्ठी. आईचे हे शब्द वाचताना मला दर वेळी भरून येतं. पण लेखातला काळ बघा: गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याचं १९ वं राज्यवर्ष. सातवाहन राजे आपापली राज्यवर्षंच मोजत. इ.स. ७८ पासूनची गणना चालवली ती पश्चिमेच्या क्षत्रपांनी, म्हणजे शकांनीच. ५७८ सालच्या बदामीच्या लेखातही ती 'शकनृपतिराज्याभिषेका'पासूनच मोजली आहे, शालिवाहनाचा तिथे पत्ता नाही.

ते नाव कित्येक शतकांनी जोडलं गेलं. सातवाहनाचा प्राकृतात सालवाहण झाला, त्याचा पुढे शालिवाहन. तोवर लेण्यातला राजा विस्मरणात गेला होता आणि लोकांच्या तोंडी उरला होता पैठणला कुंभाराघरी वाढलेला, मातीच्या सैन्यात प्राण फुंकणारा राजा. इकडे 'शक' म्हणजे नुसती कालगणना, असाही अर्थ रुळला होता, त्यामुळे ही जोडी कुणाला खटकली नाही. शिवरायांचा 'राज्याभिषेक शक' आणि 'शककर्ता' हे शब्दही याच अर्थाचे.

सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. काहींवर त्याच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. 'शालिवाहन शक' हा शब्द मला हुबेहूब तसाच वाटतो.

आता पत्रिका. 'शके' ही संस्कृत सप्तमी, अर्थ 'शकात'. म्हणून 'शालिवाहन शके १९४८' छापा. मसुद्यात 'शके १९४८ मध्ये' आहे, त्यातलं 'मध्ये' काढा. ते 'के'च्या मात्रेतच आलं. एरवी बोलताना 'शक' म्हणा: हा शक, या शकात.