लग्नपत्रिकांची सिग्नल केबिन

तुम्ही कळव्याहून विचारलंय की एचओ स्केलमध्ये, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेच्या मापात, जुन्या धर्तीची सिग्नल केबिन (केबिनमन लिव्हर ओढून सिग्नल आणि सांधे हलवतो ती खोली) करायची आहे, परदेशी किट परवडत नाही, तर पाचशे रुपयांत जमेल का आणि पुठ्ठ्याची केली तर खेळण्यासारखी दिसेल का.

जमेल. माझी मागची केबिन साडेतीनशेच्या आसपास झाली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पैसे कटरची पाती आणि प्लॅस्टिकचा एक साधा व्हर्नियर यांतच गेले. तुमच्या खिशात किटचे पैसे असते तरी मी घेऊ नका म्हटलं असतं. त्या खोक्यातून इंग्लंडमधली नाहीतर जर्मनीतली केबिन निघते. मंगळुरी कौलं, पत्र्याचा छज्जा, पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं त्यात कुठून येणार? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी आली ती ठाण्यात. आपल्या टेबलावर बर्फाळ डोंगरातलं स्टेशन मांडायचं काही कारण नाही.

आता खेळण्याचं. मॉडेल खेळणं दिसतं ते पुठ्ठ्यामुळे नाही, चुकीच्या जाडीमुळे. एचओ म्हणजे १:८७, फुटाला साडेतीन मिलिमीटर. दोन मिमीच्या माउंट बोर्डातून (फोटो चिकटवायचा जाड पुठ्ठा) खिडकीची चौकट कापली तर ती चौकट खऱ्या मापात सात इंच जाड होते. अशी चौकट किल्ल्याला शोभेल. डोळ्याला आकडे कळत नाहीत, पण काहीतरी बोजड आहे हे लगेच कळतं.

म्हणून आधी काही कापू नका. व्हर्नियर घेऊन घरभर फिरा, दिसेल त्याची जाडी मोजा आणि ८७ ने गुणा. (घरचे हसतील. माझ्या सौ. अजून हसतात.) साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी, म्हणजे ९ मिमी. पातळ लग्नपत्रिका ०.३ मिमी, म्हणजे एक इंचाची फळी. दारं, खिडक्यांच्या चौकटी, छज्ज्याखालची पट्टी, सगळं तिच्यातून निघतं. माउंट बोर्ड २ मिमी, म्हणजे पावणेसात-सात इंच. ही जिन्याच्या एका पायरीची उंची आहे! बोर्डाच्या पट्ट्या मागे सरकवत एकावर एक चिकटवत गेलात की पायथ्याचा दगडी जिना आपोआप तयार होतो. दोन बोर्ड एकत्र चिकटवले की चार मिमी, आणि दीड विटेची भिंत साडेतेरा इंचांची असते. म्हणजे तळमजल्याची भिंत झाली, आणि खिडकीच्या कडेला भिंतीची जी खोली दिसायला हवी तीही मिळाली. खराट्याची मिलीमीटरभर हीर म्हणजे साडेतीन इंची पावसाळी पाइप.

लग्नपत्रिका कुठून आणायच्या हे ठाणेकराला सांगायला नको. छापखान्यात विचारलंत तर गेल्या हंगामातल्या नमुन्यांचे गठ्ठे फुकट मिळतात. सोनेरी वेलबुट्टीच्या बाजूला रंग नीट धरत नाही, ती आत टाका.

मापं कशी घ्यायची? रुळांत उतरून टेप लावायला जाऊ नका, रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ विनापरवाना हद्दीत शिरणाऱ्यांसाठीच आहे. जुन्या फोटोत विटा मोजा. सांध्यासकट वीट ९ × ४॥ × ३ इंच धरतात, म्हणजे चार थरांचा एक फूट. जोत्यापासून वरच्या खिडकीपर्यंत ४० थर मोजले तर दहा फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ३५ मिमी. गिलावा असेल तर जिन्याच्या पायऱ्या मोजा, प्रत्येकी सात इंच. एक गंमत लक्षात असू द्या. बाजारातल्या एचओच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी असतं, आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, म्हणजे खरं तर ते १९ च्या थोडं वर हवं. यावर रात्र रात्र भांडणारे लोक आहेत. केबिनीला त्याने काही फरक पडत नाही.

विटा कोरायच्या फंदात मात्र पडू नका. या मापात एक थर ०.९ मिमीही भरत नाही. भिंत गिलाव्याची करा आणि कोपऱ्यात, खिडकीखाली, पाइपच्या मागे गिलावा पडल्यासारख्या दोन-तीन जागा सोडून तेवढ्याच विटा टोकदार पेन्सिलीने दाबून काढा. पाहणारा उरलेल्या विटा मनाने भरतो. गिलाव्याला घरचा उरलेला डिस्टेंपर उत्तम, ब्रशने ठोकत लावा.

छपरावर मात्र वेळ घालवा, कारण टेबलावरच्या मॉडेलचं छप्परच सगळ्यात जास्त दिसतं. मंगळुरी कौल साधारण सोळा इंच लांब, दहा इंच रुंद. एकावर एक चढल्यावर उघडं राहतं ते बारा-तेरा इंच, म्हणजे पावणेचार मिमी. जरा जाड कागद माउसपॅडवर ठेवा, रिफिल संपलेल्या बॉलपेनने दर तीन मिमीला रेघ दाबा, मग आडव्या पाच मिमीच्या पट्ट्या कापून वळचणीकडून वर एकावर एक चिकटवत जा. मधूनच एखादं कौल कापून किंचित सरकवून लावा, माकडं नाचून गेल्यासारखं. रंगाला गेरू: रांगोळीच्या दुकानात पुडी मिळते, पाणी आणि थोडं फेविकॉल घालून लावा. त्या लालसर तपकिरीची बरोबरी बाटलीतला कुठलाच रंग करत नाही. वाळल्यावर पन्हळींत काळपट हिरवा अगदी पातळ सोडा. ठाण्याचे चार पावसाळे खाल्लेलं कौल नारिंगी राहत नाही.

पावसाळ्यावरून आठवलं, हे नीट वाचा. माझी पहिली केबिन मे महिन्यात काटकोनात उभी होती, जुलैत तिची मागची भिंत भाजलेल्या पापडासारखी वळली. चूक माझीच. एका बाजूने कागद चिकटवून रंगवला होता आणि दुसरी बाजू कोरी. पुठ्ठ्याच्या एका बाजूला जे लावाल ते दुसऱ्या बाजूलाही लावायचं. भिंती कापून झाल्या की रंगाआधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, स्पिरिटमध्ये पातळ करून, दोन हात. पाणी नसल्यामुळे पुठ्ठा फुगत नाही आणि नंतर हवेतली ओलही आत फारशी शिरत नाही. आतून कोपऱ्याकोपऱ्यात पुठ्ठ्याचे काटकोनी त्रिकोण चिकटवा, दिसत कुणालाच नाहीत.

खिडक्यांची काच म्हणजे शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक. ते झटपट गोंदाने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि मग पुसली जात नाही. फेविकॉल, टाचणीच्या टोकाने. एक-दोन झडपा उघड्या ठेवा, उकाड्यात कुठला केबिनमन सगळ्या बंद करून बसेल?

उघड्या झडपेतून आत दिसतं, म्हणून लिव्हरची रांग हवी. टाचण्या बारा मिमीवर कापून पट्टीत ओळीने खोचा. सिग्नलचे लाल, सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचे) काळे, सांधा जागेवर पक्का करणाऱ्या कुलपाचे निळे, वापरात नसलेले पांढरे. बटणांचं पॅनल आल्यापासून या लिव्हरच्या केबिनी दिसेनाशा झाल्या, त्यामुळे बघायला आलेली जुनी माणसं हमखास इथेच वाकतात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी तर काळे फार कमी आहेत म्हणून झापलं होतं.

मळवायला विसरू नका. रुळाजवळची प्रत्येक वस्तू खालून तपकिरी असते, ब्रेकची आणि लोखंडाची धूळ बसून. गेरूत कोळशाची पूड मिसळून कोरड्या ब्रशने जोत्यापासून कमरेइतकी चढवा, वर विरत न्या. जास्त झालं तर ओल्या कापडाने टिपा.

दिवा लावणार असाल तर बॅटरीवरच्या माळेतला एकच पिवळा दिवा पुरे, आणि भिंतींना आतून काळा कागद, नाहीतर अख्खी केबिन आकाशकंदिलासारखी उजळते. छप्पर कधीच चिकटवू नका, नुसतं बसवा.

या रविवारी फक्त तुमच्या फोटोतल्या पायऱ्या मोजा आणि तो दगडी जिना करा. किती पायऱ्या आल्या ते कळवा, त्यावरून वरच्या मजल्याची उंची काढून देतो. तोवर भिंतींना पातं लावू नका.