ब्रिटनमध्ये गावच्या मुख्य बाजारपेठेतली दुकानं ओस का पडली?

सगळं खापर ऑनलाइन खरेदीवर फोडलं जातं, पण ते अर्धंच खरं. वूलवर्थ्स या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीची ८००हून अधिक दुकानं २००९च्या जानेवारीपर्यंत बंद झाली. त्याआधीच गावाबाहेरच्या मोठ्या सुपरमार्केटांनी गिऱ्हाईक ओढून नेलं होतं. तिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत, गावात मात्र पडतात.

खरी मेख 'बिझनेस रेट्स' या करात आहे. तो नफ्यावर नाही, जागेच्या अंदाजित भाड्यावर बसतो. म्हणजे धंदा बसला तरी कर चालूच. ऑनलाइन कंपनीचं गोदाम आडबाजूला, त्यामुळे चौरस फुटामागे कर कमी. इंग्लंडमध्ये तर रिकाम्या गाळ्यावरही साधारण तीन महिन्यांनी कर लागतो.

मग मालक भाडं का उतरवत नाही? इमारतीची किंमत भाड्यावरून ठरते आणि त्या किमतीवर कर्ज काढलेलं असतं. कागदावरचं भाडं घटलं की बँक दारात! त्यापेक्षा गाळा रिकामा बरा, असा हिशेब.

२०१६मध्ये बीएचएस, २०२१मध्ये डेबनहॅम्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळ्या बंद पडल्या. त्यांच्या तीन-चार मजली इमारतींना दुसरा भाडेकरू मिळणं फार कठीण. लहान दुकानाच्या जागी निदान न्हावी तरी येतो.