धुळ्यात राहून साठ हजारांत काय घेऊ: गेमिंग लॅपटॉप, पीएस५ की गेमिंग फोन?

भाऊ, प्रश्न वाचला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, धुळ्यात घरूनच जाणं-येणं, वडील साठ हजार द्यायला तयार झालेत (हे झालं म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हल तू पार केलीस), आणि आता लॅपटॉप, पीएस५ (सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) आणि फोन या तिघांत अडकलायस. मी काही रिव्ह्यूवाला नाही, कापसाच्या एका जिनिंगमध्ये अकाउंट बघतो, भुसावळकडचा आहे, आमच्या गच्चीवरून दीपनगर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. पण शाळेपासून आजपर्यंत जेवढा पैसा हातात आला त्यातला बराचसा या डबड्यांत घातलाय, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग), हर्ट्झ हे सगळं नंतर. आधी सांग, तुझ्या खोलीत एसी आहे का? नसेल तर यूट्यूबवर जे रिव्ह्यू बघतोयस ते तुझ्यासाठी निम्मे निकामी. पीएस५ च्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की मशीन ५ ते ३५ डिग्रीत वापरा. आयफोनचंही तसंच, ० ते ३५. आता मे महिन्यात आपल्याकडे ३५ कधी असतं? दूधवाला येतो तेव्हा थोडा वेळ असतं. दुपारी ४४-४५, वर पत्रा असेल तर बोलायलाच नको. म्हणजे ज्या सुट्टीत पोरगं सगळ्यात जास्त खेळणार तेच दोन महिने कंपनीच्या कागदाच्या बाहेरचे.

लोकांना वाटतं पंखा मशीनला थंड करतो. पंखा काही थंड-बिंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत ओढतो आणि आतली गरमी बाहेर फेकतो, त्यामुळे खोलीची हवाच गरम असेल तर तो बिचारा तीच फिरवत बसतो. रिव्ह्यूवाल्याच्या २४ डिग्रीच्या खोलीत जी चिप ७५ वर खेळते ती तुझ्या ४४ च्या खोलीत ९५ ला जाऊन टेकते, आणि तिथं गेल्यावर चिप जळत नाही पण स्वतःच स्पीड कमी करते, थ्रॉटलिंग म्हणतात ते हेच. पैसे तू पूर्ण स्पीडचे दिलेले असतात, मिळतो पाऊण. आणि ते पण पंखा असा बोंबलत की हेडफोन घालूनसुद्धा ऐकू येतो.

हे मी अनुभवानं बोलतोय. काही वर्षांपूर्वी मी पण तुझ्यासारखाच एक गेमिंग लॅपटॉप घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, काळा-लाल, कीबोर्डमध्ये लाईट, बघूनच खुश. दिवाळीत घेतला, मार्चपर्यंत राजा माणूस. एप्रिल लागला आणि संध्याकाळी खेळायला बसलो की अर्ध्या तासात फ्रेम पडायला लागायच्या, म्हणजे चित्र अडकत चालायचं, हात ठेवायची जागा तव्यासारखी, खाली पुस्तकं लावून बघितली, कूलिंग पॅड आणलं, काही फरक नाही. त्यात माझी चूक ही की तो चोवीस तास चार्जरला लावलेला, बॅटरी कायम १०० टक्के, आणि लिथियम बॅटरीला गरमी आणि फुल चार्ज ही जोडी अजिबात चालत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात टचपॅड वर यायला लागलं. मला वाटलं स्क्रू ढिला झाला. खोलून बघतो तर बॅटरी बिबडं तळल्यावर फुगतं तशी फुगलेली. सर्व्हिसवाले म्हणे वॉरंटीत बसत नाही, विषय संपला. तेव्हापासून कुणीही लॅपटॉप घेतला की मी पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव म्हणून मागे लागतो. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ती सोय असते, पण कुणी बघत नाही.

आतमध्ये अजून एक गंमत होती. जिनिंगच्या सीझनमध्ये मी तो ऑफिसला न्यायचो, तर पंख्याच्या जाळीवर कापसाची पूर्ण गोधडी तयार झालेली, नीट उचलून हातात आली. तुझ्या घरी जिनिंग नसेल पण धूळ असणारच, धुळे नाव उगाच नाही (हा जोक तुम्हाला लहानपणापासून ऐकवत असतील, माफ कर). दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारायचा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो उलटासुलटा फिरून बेअरिंगची वाट लागते.

म्हणून माझं मत विचारशील तर साठ हजारवाला गेमिंग लॅपटॉप आपल्या भागात घेऊच नये. त्या बजेटमध्ये बहुतेक वेळा ४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड पदरात पडतं, आरटीएक्स २०५० नाहीतर ३०५० चं छोटं व्हर्जन, आणि आजकालच्या मोठ्या गेमना ते ४ जीबी पहिल्याच घासाला संपतात. मग सेटिंग कमी कर, रिझोल्यूशन कमी कर, असं करत करत तू २०१३ ची जीटीए ५ च खेळत बसणार, जी कुठेही चालते. बॅटरीवर खेळू म्हणशील तर चार्जर काढल्या काढल्या परफॉर्मन्स पडतो आणि तासाभरात मशीन झोपतं. वजन वेगळंच, चार्जरच विटेएवढा.

तुझ्या तीन पर्यायांत चौथा मी टाकतो, डेस्कटॉप. हसू नकोस. मोठा डबा, आत भरपूर मोकळी जागा, मोठे पंखे, हवा खेळती राहते, आणि काही बिघडलं तर तेवढा एकच पार्ट बदलायचा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारलीस तरी पॉवर सप्लायपासून पंख्यापर्यंत सगळं मिळतं, धुळ्यातही असेंबल करणारे आहेतच. ग्राफिक्स कार्ड आजच पाहिजे असं काही नाही, नावाच्या शेवटी इंग्रजी ‘G’ अक्षर असलेला रायझन प्रोसेसर घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं, रॅम १६ जीबी आणि दोन पट्ट्यांत घे, एकाच पट्टीत नको, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्या लावल्या की बऱ्यापैकी फरक पडतो. कार्ड पुढच्या दिवाळीला. फक्त वापरलेलं कार्ड कुणी फारच स्वस्तात देत असेल तर ते मायनिंगमध्ये (कॉम्प्युटरवर क्रिप्टो चलन कमवतात त्यात) चोवीस तास भाजलेलं नाही ना ते बघ. आणि कॉलेजला रोज मशीन न्यावंच लागत असेल तर मग साधा, पातळ, लाईटबिईट नसलेला लॅपटॉप घे आणि गेमचं स्वप्न थोडं आवर.

पीएस५ बद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, उलट गेम म्हणून गेम खेळायचा तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता, पुढे महागला. पण घोडं घेतलं म्हणजे चारा पण लागतो, मोठा नवीन गेम पाच हजारांच्या आसपास, म्हणजे घरात गहू भरायचे की गेम घ्यायचा असा प्रश्न. म्हणून घ्यायचाच तर डिस्कवालाच घे, डिजिटल (ज्यात डिस्क घालायची जागाच नसते) अजिबात नको. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, आम्ही चार जण मिळून एक डिस्क घेतो आणि ती भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी फिरते, रेल्वेतल्या एका मित्रामुळे कुरिअरचा खर्चसुद्धा नाही. आणि दुसरं म्हणजे डाऊनलोड. शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या फायबरवर सव्वादोन-अडीच तासांत येईल, पण तू मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर असशील तर हिशोब कर, पन्नास दिवस! तोपर्यंत सेमिस्टर संपेल.

लाईटचं बोलायलाच पाहिजे. आमच्या लहानपणी भारनियमन म्हणजे रोजचं, मामाकडे पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम होता, त्यात काँट्रा, सेव्ह बिव्ह काही नाही, शेवटच्या लेव्हलला पोचायचं आणि टप्प, लाईट गेली, सगळे पोरं एका सुरात ओरडायचे आणि आजी आतून, “काय करी ऱ्हायना रे त्या डबडामा?” आता तेवढं जात नाही, पण वळवाच्या वाऱ्यात जातेच. डेस्कटॉप घेतलास तर यूपीएस धरूनच बजेट कर, ६०० व्हीएचा साधा चालेल, खेळायला नाही, नीट सेव्ह करून बंद करायला. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं एक बटण असतं, यूपीएस मोडवर ठेव, साध्या मोडवर बदलायला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. पीएस५ चालू गेममध्ये साधारण २०० वॅट खातो, टीव्ही वेगळा, त्यामुळे इन्व्हर्टरवर तास-दोन तास निघतात पण मग रात्री पंख्याला बॅटरी उरत नाही आणि घरचे तुझं काय करतील ते तूच बघ. आणि रेस्ट मोडवर (पूर्ण बंद न करता अर्धवट झोपेत) ठेवून झोपू नकोस, सरळ बंद करत जा. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ते नॉर्मल नसतं, लोक सवय करून घेतात.

लाईटवरून आठवलं, गेम निवडतानासुद्धा हे बघायला लागतं. स्टारड्यू व्हॅली २०१६ ची, एका माणसानं एकट्यानं बनवलेली, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालते, मी वडिलांना दाखवली. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं कंद असतं, ते चार दिवसांत तयार, ठरलेल्या भावाला जातं, कितीही पिकवा भाव पडतच नाही, बोंडअळी नाही, करपा नाही. वडील पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, हे खेळणाऱ्यानं कधी कापूस लावलेला नाही. पण त्यात एक गोम आहे, गेम सेव्ह होतो फक्त रात्री झोपल्यावर, म्हणजे दुपारी लाईट गेली की तो अख्खा दिवस परत करायचा, तेवढ्यापुरती ती शेती आपल्यासारखी आहे. होलो नाइट नावाच्या गेममध्ये पण परत सुरुवात शेवटच्या बसलेल्या बाकड्यावरूनच. उलट एल्डन रिंग थांबवता येत नाही म्हणून लोक शिव्या देतात, आई जेवायला हाक मारते तेव्हा मी पण देतो, पण ती सारखी स्वतःच सेव्ह करत राहते, लाईट गेली तरी नुकसान थोडं. आणि खरं सांगू का, मी गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त तास या छोट्या, स्वस्त गेममध्येच घातलेत, ज्यांना साठ हजाराचं काहीच लागत नाही.

फोनचं राहिलं. गेमिंग फोन हा तिघांतला सगळ्यात वाईट सौदा आहे असं मला वाटतं, बहुतेकांत पंखाच नाही तर गरमी जाणार कुठं, तुझ्या हातात. बीजीएमआयला (पबजीची भारतातली आवृत्ती) आधी सेकंदाला ९० फ्रेम मिळतात, वीस मिनिटांनी चाळीस, ब्राईटनेस आपोआप खाली, चार्जिंग थांबवलं म्हणून मेसेज. शिवाय तू फक्त एका गेमसाठी फोन घेणार आणि तो गेमच गेला तर? पबजी मोबाईल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली, बीजीएमआय जुलै २०२१ ला आली, २०२२ च्या जुलैमध्ये परत गायब, २०२३ ला परत आली. माझ्या चुलतभावानं त्या गायब व्हायच्या पंधरा दिवस आधी हप्त्यावर फोन घेतला होता. जो फोन आहे तो चालव, उन्हाळ्यात जाड कव्हर काढून खेळ आणि चार्जिंगला लावून खेळू नकोस. स्मार्टवॉच तर विषयच नको, भुसावळ-जळगाव बाईकवर गेलो की माझं घड्याळ म्हणतं चार हजार पावलं झाली, शाब्बास.

कूलरबद्दल एकच. मशीन कूलरच्या हवेत ठेव पण थेट तोंडासमोर नको, थेंब उडतात, दोन-तीन हात बाजूला. पाऊस सुरू झाला की कूलर बंद कर, तेव्हा तो नुसता ओलावा करतो. आणि उन्हाळ्यात दुपारी नाहीच खेळायचं, रात्री दहानंतर बैस, किंवा पहाटे उठ, मी मे महिन्यात साडेचारला उठून खेळतो, बायकोला वाटतं मी व्यायामाला लागलो.

घेण्याआधी दुकानदारानं दिलेल्या कोटेशनचा फोटो इथं टाक, पॉवर सप्लाय कुठला लावतोय तेवढं बघून सांगतो, सगळे तिथंच पैसे वाचवतात.