गाण्यातले शब्द गेले कुठे?

प्रश्न : ताई, गेल्या अंकात तुम्ही म्हणालात की आजच्या कोरियन पॉपचं मूळ शोधायचं तर 'सो थेजी अँड बॉइज'पर्यंत जावं लागतं. माझा भाऊ म्हणतो, पहिला ग्रुप एच.ओ.टी., 1996चा. दोन दिवस आमच्यात जुंपली आहे. कोण बरोबर? – मृण्मयी

उत्तर : मृण्मयी, भावाला निम्मे गुण दे. कोवळी मुलं हेरायची, त्यांना तालीम द्यायची, कोणी गायचं, कोणी रॅप करायचं, कोणी पुढे नाचायचं हे ठरवून ग्रुप उभा करायचा, ही पद्धत एस.एम. या संगीत कंपनीचे संस्थापक ई सू-मान यांनी एच.ओ.टी.च्या वेळी बसवली. पण शाळकरी पोरं एखाद्या ग्रुपपायी किती वेडी होऊ शकतात, हे कोरियाने चार वर्षं आधीच पाहिलं होतं.

11 एप्रिल 1992. एम.बी.सी. वाहिनीवर नवोदितांची परीक्षा. मंचावर 'सो थेजी अँड बॉइज' हे त्रिकूट. मधला सो थेजी, वय वर्षं वीस. शाळा अर्ध्यावर सोडलेली, या ग्रुपआधी सिनावे या हेवी मेटल बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बाजूला यांग ह्यन-सक आणि ई जू-नो, दोघंही मुळात नाचणारे. गाणं 'नान आरायो', म्हणजे 'मला माहीत आहे'. कोरियन भाषेतलं रॅप, मध्येच मेटलची गिटार आणि ध्रुवपदाला चक्क रडवेली चाल. परीक्षकांनी 10पैकी 7.8 दिले. ताल बरा, चाल कच्ची, असं मत पडलं. ते रेकॉर्डिंग मी इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही, परीक्षकांची दया येते. हात आखडता घ्यायला नेमका तोच दिवस सापडला बिचाऱ्यांना! पुढे ते गाणं 17 आठवडे अव्वल राहिलं.

त्यांच्याआधी कोरियात रॅप नव्हतंच, असं मात्र भावाला ठणकावून सांगू नकोस. ह्यन जिन-यंग हा गायक होता, आणि तोही ई सू-मान यांच्या कंपनीचाच. सो थेजीचं वेगळेपण असं, की गाणी तो स्वतः लिहायचा, स्वतः बांधायचा, आणि एक साचा चालला की तोच सोडून द्यायचा. 1993च्या 'हायोगा'मध्ये मेटल गिटारच्या शेजारी थेप्यंगसो वाजतं, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. चिमटा हातातच राहिला. 1994च्या 'क्योशिल इदिया'ने शाळेच्या कोंदट वर्गांवर तोफ डागली. त्यावर अशी आवई उठली की कॅसेट उलटी फिरवली तर सैतान बोलतो! शाळेवर टीका केली म्हणून सैतान. खरा सैतान कुठे असतो, ते गणिताच्या तासाला बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा.

आणखी एक. तुझ्या लाडक्या ग्रुपचा दर काही महिन्यांनी 'कमबॅक' असतो ना? हे तिघं एका अल्बमचं काम आटोपलं की टीव्हीवरून गायब व्हायचे, आणि नवं संगीत, नवा अवतार घेऊन परतायचे. ती रीत तिथून रुळली.

प्रेमापोटी झाकाझाक करणार नाही. 1995चं 'कम बॅक होम' ऐकताना सायप्रेस हिल या अमेरिकन ग्रुपचा तो नाकातला आवाज आठवतोच. तेव्हाही लोक बोलले होते. पण ते ऐकून घरातून पळालेली पोरं परतल्याच्या बातम्याही आल्या होत्या.

प्रश्न : सो थेजी अँड बॉइजचं 'शिदे यूगाम' हे गाणं माझ्याकडे दोनदा आहे. एकात आवाज आहे, दुसऱ्यात नुसतं संगीत. दोन वेगळी गाणी आहेत का? – एक वाचक

उत्तर : या गाण्याने मलाही फसवलंय. 2004 साली मी सोलमध्ये भाषा शिकत होते. ह्वेह्यनच्या भुयारी बाजारात जुन्या रेकॉर्ड-कॅसेटची दुकानं आहेत. तिथून त्यांच्या चौथ्या अल्बमची कॅसेट घेतली, 3000 वॉनला. खोलीवर लावली. 'शिदे यूगाम' आलं. ड्रम जोरात, गिटार जोरात, गाणाऱ्याचा पत्ता नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला. पेन्सिल घालून फीत मागेपुढे केली. काही नाही. दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेले. "आजोशी, ही खराब आहे." (आजोशी म्हणजे आपले काका.) काकांनी चष्मा कपाळावर चढवला, त्या गाण्याच्या नावावर बोट ठेवलं आणि हसले. "हेच ना? हे असंच आहे. 1995पासून."

तेव्हा गाण्याचे शब्द आधी सार्वजनिक कार्यक्रम नैतिकता समितीकडून तपासून घ्यावे लागत. समितीने काही ओळी बदलायला सांगितल्या. सो थेजीने ओळी बदलल्या नाहीत, सगळे शब्दच काढून टाकले. चाहते खवळले. जून 1996मध्ये ही पूर्वतपासणी रद्द झाली आणि गाणं शब्दांसकट वेगळ्या छोट्या अल्बमवर आलं. तोवर ग्रुपच उरला नव्हता. 31 जानेवारीला तिघांनी निवृत्ती जाहीर करून टाकली होती. तुमच्याकडची दोन्ही एकच गाणं आहे.

सगळं श्रेय सो थेजीच्या पदरात टाकू नका, हेही आजोशींनीच बजावलं. चोंग थे-छुन हे गायक 1990पासून मंजुरी न घेता अल्बम काढत आणि खटला अंगावर घेत या तपासणीशी भांडत होते. आम्हा चाहत्यांच्या गोष्टीतून हे नाव हमखास गळतं.

एवढं सांगून त्यांनी फळीवरून दुसरी कॅसेट काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "शब्द यात आहेत. 4000 वॉन."

प्रश्न : 2017मध्ये बीटीएस हा ग्रुप सो थेजीसोबत मंचावर आला, ती नुसती जाहिरातबाजी होती का? – एक वाचक

उत्तर : जाहिरात होतीच. त्याच जुलैमध्ये बीटीएसनी 'कम बॅक होम' नव्या शब्दांत काढलं होतं. पण 2 सप्टेंबरला चामशिलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, सो थेजीच्या पदार्पणाच्या 25 वर्षांनिमित्तच्या त्या कार्यक्रमात, ही सात पोरं 'बॉइज'च्या जागी उभी राहिली आणि जुन्या गाण्यांवर नाचली. ई जू-नोही नव्हता आणि यांग ह्यन-सकही नव्हता, ज्याने 1996मध्ये काढलेल्या वायजी कंपनीतून पुढे बिगबँग आणि ब्लॅकपिंक हे ग्रुप आले. मी चित्रफीत पाहिली ती 'क्योशिल इदिया'साठी. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या शाळेवर ओरडतोय आणि शाळा नुकतीच सुटलेली पोरं त्याला साथ देतायत! तेवढा तुकडा मी तीनदा मागे घेऊन पाहिला.