दक्षिण अमेरिकेत मोटारसायकलवर फिरायचंय: गाडी भारतातून न्यावी की तिथेच सेकंडहँड घ्यावी?

तुम्ही पुण्याहून विचारलंय की तीन-चार महिन्यांची सुट्टी आहे, कोलंबियातून निघून एक्वादोर, पेरू करायचंय, तर आपली गाडी जहाजाने न्यावी की तिथे जुनी घ्यावी. मी कोलंबियातल्या मेडेयिन शहरात जुनी पल्सर घेतली, पेरूपर्यंत जाऊन आलो आणि कोलंबियातच विकली. तिथेच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. मात्र गाडी बघायला जाण्याआधी तिथले कागद समजून घ्या. इंजिन बिघडलं तर पुढच्या गावात मेकॅनिक भेटतो, कागदात खोट निघाली तर सरहद्दीवरून मागे फिरावं लागतं.

इथून नेणं एवढ्या दिवसांसाठी परवडत नाही. दोन्ही बाजूंचं जहाजभाडं, बंदरावरचे कस्टम्सचे हेलपाटे, कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा कागद, काढलं तर त्याची बँक गॅरंटी, आणि गाडी हातात पडेपर्यंत जाणारे दिवस. दोन वर्षं खंड पालथा घालायचा असता तर वेगळा विचार केला असता.

कोलंबियाची मोठी सोय म्हणजे परदेशी माणसाला पासपोर्टवर गाडी स्वतःच्या नावावर करता येते. आधी रुंत या राष्ट्रीय वाहन नोंदणीत आपलं नाव घालून घ्यायचं. बोटांचे ठसे देतो, फोटो काढतात. मग त्रास्पासो, म्हणजे गाडी नावावर करणं. हे काम गाडीची नोंदणी ज्या गावच्या वाहतूक कार्यालयात असेल तिथेच होतं. मेडेयिनमध्ये विकायला असलेल्या कितीतरी गाड्या एन्विगादो किंवा साबानेताच्या असतात. ही गावं शेजारीच असल्याने काही बिघडत नाही. पण दूरच्या प्रांतातली गाडी स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका, नाहीतर आठवडा तिकडेच जाईल.

या कामातला इंप्रोन्तासचा, म्हणजे गाडीच्या नंबरांचे ठसे घेण्याचा, भाग मला फार आवडला. कार्यालयाबाहेर एक माणूस गाडीच्या शेजारी उकिडवा बसतो, चासी नंबर फडक्याने लख्ख पुसतो, त्यावर ग्रॅफाइट घासतो, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचलतो. नंबर जसाच्या तसा पट्टीवर उमटतो आणि ती पट्टी अर्जावर चिकटते. इंजिन नंबरचंही तसंच. तेव्हा खाली वाकून स्वतः बघा. आकडे खरवडलेले, पुन्हा ठोकलेले वाटले तर पैसे न देता निघा.

पैसे देण्याआधी गाडीचा नंबर आणि मालकाचा ओळख क्रमांक घालून रुंतच्या साइटवर गाडी तपासा आणि सिमित या वाहतूक दंडांच्या नोंदीत दंड बाकी आहे का ते बघा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय हात लावू नका. सोआत हा सक्तीचा विमा चालू हवा. नोंदणीला दोन वर्षं झालेल्या मोटारसायकलला तांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं.

तिथे 'त्रास्पासो आबिएर्तो' नावाचा प्रकार सर्रास चालतो. मालक अर्जावर सही करून खरेदीदाराची जागा कोरी सोडतो आणि गाडी तशीच हातोहात फिरत राहते. विकणारा म्हणेल, सगळे असंच करतात, फी वाचते. तुम्ही करू नका. इपियालेस या सरहद्दीजवळच्या गावापुढे रुमिचाकाच्या पुलावर एक्वादोरचं कस्टम्स तुमच्या गाडीला तात्पुरता परवाना देतं, आणि तो देताना गाडीच्या नोंदणी कार्डावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतं.

आता गाडी कुठली? तुम्ही पुण्याचे, आकुर्डीची बजाज तुम्हाला काय सांगायची! कोलंबियात बॉक्सर आणि पल्सर गल्लोगल्ली आहेत. मेडेयिनच्या बार्रिओ त्रिस्ते या गॅरेजवाल्यांच्या वस्तीत तिचा सुटा भाग मागितला की मिनिटात समोर येतो, आणि पुढच्या लहान गावांतही मेकॅनिकला ती तोंडपाठ असते. मोठ्या युरोपियन गाडीचा क्लच केबल तुटला तर पार्सलची वाट बघत बसाल. कच्चे रस्ते जास्त असतील तर यामाहाची एक्सटीझेड बघा. पण फ्युएल इंजेक्शनचा आग्रह धरा. पेरूत लिमाहून आत जाताना तिक्लिओचा घाट 4,818 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 55 टक्केच उरतो. कार्ब्युरेटरची 125 सीसीची गाडी तिथे दुसऱ्या गिअरवर धापा टाकते. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनला हात लावून बघा. ते आधीच गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असणार, असं मी धरतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं.

तुमच्या लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग हवाच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघताना काढा, तो वर्षभर चालतो.

विकायचं कुठे, हे घेतानाच ठरवा. पेरूत गाडी तात्पुरत्या परवान्यावर असते; ती तिथे विकणं बेकायदा आणि मुदत उलटली तर जप्ती. म्हणून मार्ग गोल आखा आणि कोलंबियात परत या. उत्तरेला पनामात जायचा बेत असेल तर मध्ये दारिएनचं जंगल आहे, रस्ताच नाही. परतल्यावर विक्रीसाठी निदान दोन आठवडे ठेवा, कारण घाईत असलेल्या परदेशी माणसाला कुणी भाव देत नाही. आणि पैसे मिळाले म्हणून लगेच विमानात बसू नका. गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत त्याचे दंड तुमच्याच नावावर चढत राहतील. त्याच्यासोबत कार्यालयात जा, त्रास्पासो पूर्ण करा, रुंतवर त्याचं नाव दिसलं की मगच तिकीट काढा.