फोन-टीव्हीच्या कारखान्यांत मास्क कसे तयार झाले?

तुम्ही विचारलंय की कोरोनाच्या साथीत फोन, टीव्ही, संगणक बनवणाऱ्या कंपन्या एकाएकी मास्क आणि फेस शील्ड कशा काय बनवू लागल्या, आणि ती खरी मदत होती की नुसती जाहिरात.

मी प्लॅस्टिकच्या साच्यांचं काम करते, म्हणून कारखान्याच्या बाजूने उत्तर देते. माझ्या मते मदत खरी होती. पण ती किती कामी आली, हे त्या कंपनीने कोणती वस्तू हातात घेतली यावर ठरलं.

आधी गरज किती होती ते बघा. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं की कोविडच्या उपचारांसाठी जगाला दर महिन्याला अंदाजे ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क आणि ७ कोटी ६० लाख हातमोजे लागतील. साथीच्या आधी जगातले निम्मे मास्क एकट्या चीनमध्ये बनायचे, आणि साथ सुरू झाली तीही चीनमध्येच.

फेस शील्डला फार काही लागत नाही. कपाळावरची पट्टी, समोर पारदर्शक पत्रा, मागे इलॅस्टिक. तिला हवा गाळायची नसते, चेहऱ्यावर उडणारे शिंतोडे अडवायचे असतात. त्यामुळे प्लॅस्टिक ओळखणारा कोणीही ती नीट बनवू शकतो. प्राग शहरातल्या प्रुसा रिसर्च या थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने मार्चमध्ये तीनेक दिवसांत नमुना तयार केला, चेक आरोग्य मंत्रालयाला दाखवला आणि आराखडा सगळ्यांसाठी फुकट खुला केला. जगभर लोकांनी घरच्या प्रिंटरवर त्या पट्ट्या छापल्या.

आम्हीही छापल्या. एका पट्टीला तासाहून जास्त वेळ लागायचा. साच्यातून तीच पट्टी मिनिटभरात बाहेर पडते, पण तो साचा कापून, घासून, तपासून उभा करायला काही आठवडे जातात. मधल्या आठवड्यांत प्रिंटरने रुग्णालयांना हात दिला. त्या दिवसांत प्रिंटरचं मोल खूप मोठं होतं, असं मी साचेवाली असूनही म्हणेन.

पहिली खेप रुग्णालयात घेऊन गेलो तेव्हा तिथल्या परिचारिकेने पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे पुसायचं कशाने?" आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. प्रिंटरची वस्तू थरावर थर चढवून बनते, त्या थरांच्या बारीक खाचांत घाण अडकते. आम्ही वापरलेलं पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं, म्हणजे उकळत्या पाण्यातून काढायचीही सोय नाही. शिवाय आठ तास घातल्यावर पट्टी कपाळात रुतत होती. पुढच्या खेपेला आम्ही पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक वापरलं, पट्टी रुंद केली आणि कडा गोल केल्या. रुग्णालयाला विचारूनच वस्तू आखायची, हे मी तिथे शिकले.

म्हणूनच ॲपलची शील्ड मला आवडली. ५ एप्रिल २०२० रोजी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी ती जाहीर केली. चपटी पाठवायची, एका खोक्यात १००, दोन मिनिटांच्या आत जोडून होते, आणि आठवड्याला १० लाख शील्ड पाठवण्याचं उद्दिष्ट. जोडायचं काम रुग्णालयावर सोपवल्यामुळे एका ट्रकमध्ये कितीतरी जास्त माल मावतो. मोठ्या कंपनीची ताकद मला अशा ठिकाणी दिसते.

मास्कचं प्रकरण वेगळं. शार्पने जपानच्या मिए प्रांतातल्या कारखान्यात २४ मार्चला मास्क बनवायला सुरुवात केली. तिथे एलसीडी पडदे बनायचे, म्हणजे धूळ नसलेली क्लीनरूम तयारच होती. सुरुवातीला दिवसाला दीड लाख मास्क. २१ एप्रिलला सामान्य लोकांसाठी ऑनलाइन विक्री उघडली तेव्हा इतकी झुंबड उडाली की सर्व्हर कोलमडला, आणि शेवटी सोडत काढावी लागली. आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनने त्याआधीच, फेब्रुवारीत, चीनमधल्या शेनझेनमध्ये मास्क सुरू केले होते, तेही आधी स्वतःच्या कामगारांसाठी. याला काही जण स्वार्थ म्हणाले. मला तसं वाटत नाही, कारण लाखो कामगारांचे मास्क त्यांनी बाजारातून उचलले असते तर ते रुग्णालयांच्याच वाट्यातून गेले असते.

पण यंत्र मिळालं म्हणजे मास्क झाला असं नाही. सर्जिकल मास्कमध्ये बाहेरचे दोन थर साधे असतात आणि गाळण्याचं काम मधला मेल्टब्लोन थर करतो. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन गरम हवेच्या झोताने उडवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे तंतू करतात आणि त्यांना विद्युतभार देतात. तो भार सूक्ष्म कणांना ओढून धरतो, म्हणून कापडातून श्वासही घेता येतो आणि कणही अडतात. हा भार देण्याच्या तंत्रावर पीटर त्साई या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलंय. निवृत्त झालेले त्साई साथीत पुन्हा प्रयोगांना लागले, कारण वापरलेले मास्क निर्जंतुक कसे करायचे हे सगळेच विचारत होते. अल्कोहोल किंवा साबणाने तो भारच निघून जातो. असं कापड बनवणारी यंत्रणा उभारायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे २०२० मध्ये खरी ओढाताण या कापडाची होती.

आणि मग तपासणी. एन-९५ म्हणायचं तर सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, आणि अमेरिकेत तसं प्रमाणपत्र नायॉश ही संस्था देते. बॅटऱ्या आणि विजेच्या गाड्या बनवणारी चिनी कंपनी बीवायडी मार्चमध्ये दिवसाला ५० लाख मास्क काढत होती. तरी कॅलिफोर्नियाच्या मोठ्या ऑर्डरमधल्या एन-९५ ना प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही आणि आगाऊ रकमेतला मोठा हिस्सा परत करावा लागला. जूनमध्ये प्रमाणपत्र मिळालं.

गेमिंगचं सामान बनवणाऱ्या रेझरने साधे सर्जिकल मास्क दान केले, ते चांगलंच केलं. पुढे त्यांनीच झेफायर नावाचा दिव्यांचा मास्क एन-९५ दर्जाचा म्हणून विकला. तो तपासणीला पाठवलाच नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर ग्राहकांचे १० लाख डॉलरहून अधिक परत करायचं ठरलं. याचा मला खरंच राग येतो. श्वासाच्या बाबतीत माणूस शब्दावर विश्वास ठेवून वस्तू विकत घेतो.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट. सगळ्यात लवकर पोचणारी मदत बनवलेली नव्हतीच. मार्च २०२० मध्ये फेसबुकने ७ लाख २० हजार मास्क देऊन टाकले. वणव्याच्या धुरासाठी म्हणून ते आधीच साठवलेले होते. तुमच्या कंपनीत असा साठा ठेवायचा विचार असेल, तर मुदतीची तारीख बघून जुने मास्क आधी वापरात काढत राहा. पडून राहिलं की इलॅस्टिक सैल होतं, मग कापड कितीही चांगलं असलं तरी गालाजवळच्या फटीतून हवा आत येते.